पऱ्हाटीच्या ढिगात भाटी (मांजरी) व्यालीय, पिल्लं जवळ येऊच देत नाहीत, काय करू?

सूनबाई_चोपडा
नमस्कार. आमचं गाव चोपडा तालुक्यात, घरामागे खळं आहे आणि तिथे सरपणासाठी पऱ्हाटीचा मोठा ढीग रचलेला आहे. त्यात एक भटकी भाटी व्यालीय. तीन भुरी पिल्लं आणि एक काळं-पांढरं. आता बाहेर येऊन एकमेकांच्या शेपट्या ओढत खेळून राहिली, पण मी ओट्यावरून नुसती उठली तरी सुर्रकन आत. ते काळं-पांढरं तर मुठीएवढं आहे पण पाठीची कमान करून असं फिस्कारतं की बस. माय लांबूनच गुरगुरते. मी रोज संध्याकाळी दूध-भाकरी ठेवते, मी असली की कोणी येत नाही, आत गेली की वाटी चाटूनपुसून साफ. अडचण अशी की मृगाच्या आधी सासरे तो ढीग मोडून पऱ्हाटी पडवीत टाकणार आहेत. दोन पिल्लं तरी मला घरात ठेवायची आहेत, सासूबाईपण हो म्हटल्या कारण धान्यात उंदीर फार झालेत. त्यांना माझा विश्वास कसा वाटेल? सरळ धरून आणू का?

केळीवाला_रावेर
ताई धरायच्या आधी पिल्लांचं वय बघा, सगळं त्याच्यावर आहे. डोळे अजून निळे दिसतात का? निळे असतील तर पिल्लं साधारण सहा-सात आठवड्यांच्या आतली, त्यानंतर रंग बदलायला लागतो. २ ते ७ आठवडे हा काळ सोन्यासारखा, ह्या वयात पिल्लू ज्याला रोज बघतं, ज्याचा वास घेतं, ज्याच्या हातचं खातं त्याला घरचं समजतं. नऊ-दहा आठवड्यांचं झालं तरी जमतं पण वेळ लागतो, आणि तीन-चार महिने माणसाशिवाय गेले तर मग बहुतेक वेळा ते आयुष्यभर अंतर ठेवूनच राहतं. म्हणून आजपासूनच बसायला लागा. आणि फिस्कारणं म्हणजे राग नाही ताई, ती भीती आहे. जे सगळ्यात जास्त फिस्कारतं ते पुष्कळदा सगळ्यात आधी मांडीवर येतं, आमच्या गोठ्यात हेच पाहिलंय.

भुसावळ_जंक्शन
मी तर म्हणतो गोणपाट टाका, चारही उचला, खोलीत कोंडा, दोन दिवसात सरळ होतील.

केळीवाला_रावेर
भाऊ खोलीचं चालेल, पण ओढून नाही आणि मायपासून तोडून तर अजिबात नाही. आठ आठवडे होईपर्यंत त्यांना माय पाहिजे, दूध तर आहेच पण उंदीर कसा धरायचा, चावा किती हळू घ्यायचा हे तीच शिकवते. आणि ढिगात हात घालून उपसायला गेलात तर रात्रीतून ती एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे हलवेल, मग शोधत बसा.

पाचोऱ्याची_मावशी
सूनबाई, दूध बंद कर आधी. गाईम्हशीचं दूध पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात आणि ह्या उन्हात जुलाब लागले की पिल्लू बघता बघता सुकतं. पाण्याचं पसरट भांडं सावलीत ठेव, दोन ठिकाणी. खायला उकडलेलं अंडं कुस्करून, नाहीतर बिनमिठाचं उकडलेलं चिकन बारीक करून. मांजराला मांसातलंच लागतं, नुसत्या भाकरीवर त्याची नजर आणि काळीज दोन्ही खराब होतं. शेवभाजीचा रस्सा, भरीत असलं काही घालू नको, कांदा-लसूण मांजराला विषासारखा आहे, रक्त कमी होतं. आणि कणगीजवळ उंदराचं औषध ठेवलं असेल तर आजच उचल. गोचिडासाठी गुरांना लावतो ते औषध पिसवांसाठी पिल्लांना लावतात काही जण, ते तर जिवावरच बेततं. पॅरासिटामॉलसुद्धा द्यायची नाही, अर्धी गोळीही मांजर मारते.

आता विश्वासाचं. वाटी ठेवून आत जाऊ नको, तिथेच बस. रोज एकाच वेळेला, एकच हाक मारून. पहिल्यांदा इतकी लांब बस की तुझ्यासमोर खायला त्यांना भीती वाटणार नाही, मग रोज वीतभर वाटी तुझ्याकडे सरकव. जमिनीवर बस, उभं राहिलेलं माणूस त्यांना डोंगराएवढं दिसतं. त्यांच्याकडे तोंड करून नको, आडवी बस, मोबाईल बघ, भाजी निवड, गवार मोडता मोडता चार शब्द बोलत राहा म्हणजे आवाज ओळखीचा होतो. पोरांना त्या वेळी खळ्यात धावू देऊ नको.

जळगाव_नेत्रा
मावशींचं सगळं बरोबर. एक जोडते. मांजराकडे टक लावून बघायचं नाही, ते त्याला धमकी वाटतं. नजर पडलीच तर डोळे अर्धे मिटायचे, हळूच बंद करायचे, हळूच उघडायचे. २०२० मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून बघितलं होतं, अनोळखी माणसाने आधी असे डोळे मिचकावले तर मांजरं त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे जास्त यायची. मायला करून बघा, तिनेपण डोळे बारीक केले की समजा ती तुम्हाला बसू देतेय.

पिल्लं वाटीवर आली की लांब दांड्याच्या चमच्यावर अंडं द्या, मग चमचा आखूड, मग बोट. हात वरून डोक्यावर न्यायचा नाही, वरून येतं ते घार असते त्यांच्या हिशोबाने. खालून मूठ पुढे करा, वास घेऊ द्या, गाल घासला तर गालावरच खाजवा, आणि ते थांबवायच्या आधी तुम्हीच थांबा. सुतळीला चिंधी बांधून खेळवा, खेळताना भीती विसरतात. कोणी बोचकारलं किंवा चावलं तर हळद-चुना काही नाही, साबण लावून नळाखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजचं इंजेक्शन.

सूनबाई_चोपडा
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना!! डोळे निळेच आहेत. दूध बंद केलं. आज अंडं कुस्करून ठेवलं आणि तिथेच गवार मोडत बसली, एक भुरं आलं, माझ्याकडे बघत बघत खाल्लं आणि चक्क वाटीत पाय ठेवून उभं राहिलं. पण ढिगाचं काय करू, आणि मायचं?

केळीवाला_रावेर
ढीग एका दिवशी मोडू नका. सासऱ्यांना सांगा, एक कोपरा शेवटपर्यंत राहू द्या. आत्तापासूनच पडवीत खोकं आडवं ठेवा, आत जुनं लुगडं, आणि वाटी रोज थोडी थोडी त्या दिशेने न्या. वाटीमागे पिल्लं जातील, पिल्लांमागे माय.

पाचोऱ्याची_मावशी
माय तुझ्या मांडीवर येणार नाही, हे धरूनच चाल. ती मोठी झाली ती जंगलीच. तुला बघून पळाली नाही, समोर बसून जेवली, एवढं पुष्कळ समज. पण तिचं ऑपरेशन करून घे, पिल्लं पिती असतानाच ती परत गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांनी पुन्हा ढीग शोधेल. पिल्लांचं दूध सुटलं की मायसाठी पिंजऱ्यात रोज खायला ठेव, दार उघडं बांधून, आत जायची सवय झाली की एक दिवस लावून घे. तालुक्याच्या दवाखान्यात जास्त गाई-म्हशीच येतात, म्हणून आधी फोन करून मांजराचं करतात का विचार, नाहीतर जळगावला न्यावं लागेल. चार-पाच महिन्यांची झाली की पिल्लांतल्या भाट्यांचंपण. धीर धर पोरी, बठ्ठं व्हई जाई.