गांडूळ जिवंत आहे म्हणून माती बरी?

सत्तरीकर:
दुकानदार म्हणतो फवारणीच्या औषधानं गांडुळं मरत नाहीत, बिनधास्त मारा. पण ते १४ दिवसांच्या टेस्टवरचं बोलणं झालं, त्यात मेली किती हेच मुख्य बघतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २२२ नंबरची टेस्ट ५६ दिवस चालते. औषध मिसळलेल्या मातीत १० मोठी गांडुळं सोडायची, खायला शेण, ४ आठवड्यांनी मोठी काढायची आणि अजून ४ आठवड्यांनी कोषांतून निघालेली पिल्लं मोजायची. बिनऔषधाच्या डब्यात ३० पिल्लंसुद्धा नाही झाली तर टेस्टच बाद. कार्बेंडाझिम हे बुरशीनाशक गांडुळांना इतकं हमखास बाधतं की टेस्ट नीट चाललीय का हे तपासायलाच ते वापरतात! माझं मत, पिल्लांचा आकडा बाटलीवर छापा.

पोफळीवाला:
छापा हो, वाचणार कोण? जुलैत बोर्डो (मोरचूद-चुन्याची फवारणी) चुकला की फळं सडवणाऱ्या कोळेरोगानं पोफळीखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडतो, तेव्हा पिल्लं मोजत बसू? आणि ती लॅबची माती म्हणजे ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन (पांढरी चिकणमाती), १० टक्के पीट (दलदलीतला कुजका पाला), वर २० डिग्री गारवा. आमच्या जांभ्या मातीशी काय संबंध? गांडूळही खताच्या टाकीतलं लाल, माझ्या कुळागरात, पोफळीच्या बागेत, खणून दाखवा एक.

मृण्मयी_फोंडा:
गांडुळाचा मुद्दा मान्य, टाकीतलं लाल गांडूळ बऱ्याच औषधांना शेतातल्यापेक्षा चिवट निघतं. पण मग टेस्टमध्ये धोका खऱ्यापेक्षा कमी दिसतोय ना बाब, जास्त नाही! माती एकसारखी घेतात ती आकडे एकमेकांशी ताडता यावेत म्हणून. कॉलेजात मी हे केलंय, डबा ५०-६० डिग्रीच्या पाण्यात ठेवला की पिल्लं वर येतात, दोऱ्याएवढी, मोजताना डोळे जातात. मला खरी काळजी तुमच्या बोर्डोचीच आहे. मोरचुदातलं तांबं कुजत नाही, विरत नाही, दरवर्षीचं वरच्या थरात साठत जातं, आणि पालापाचोळ्यातली गांडुळं राहतात तिथंच. माती आंबट असली की ते जास्त बाधतं. तरी लोक बोर्डोला सेंद्रिय म्हणून मिरवतात.

पोफळीवाला:
म्हणजे मारूच नको?

सत्तरीकर:
तसं कोण म्हणालं? घोसांना प्लास्टिक बांधतात की काही जण.

पोफळीवाला:
बांधतात, पण वर चढणार कोण, तुम्ही? नारळ काढायला पाडेली मिळत नाही, फोन केला तर पुढच्या महिन्यात बघू म्हणतो, आणि हा घोसाघोसाला पिशवी बांधणार! फवारायलाच माणूस कसाबसा मिळतो.

मृण्मयी_फोंडा:
निदान एक करा, सप्टेंबरात दोन खड्डे खणा, एक फवारलेल्या पोफळीखाली, एक बिनफवारणीच्या जागी, सावली-ओल सारखी बघून. हातभर लांब, हातभर रुंद, वीतभर खोल. मोठी वेगळी मोजा, पिल्लं वेगळी.

पोफळीवाला:
खणतो. फणसाखाली आजवर काही मारलं नाही, तिथं एक. बोर्डो मात्र यंदा मारणारच, आधीच सांगून ठेवतो.