स्कूटरची बॅटरी अजून किती वर्षे टिकेल, हे आधी कळू शकते का?

प्रश्न (सातपूर, नाशिक):
माझ्या ई-स्कूटरला तीन वर्षे झाली. पूर्वी सिन्नरला जाऊन आल्यावरही थोडे चार्जिंग उरत असे. आता परतताना नाशिकरोडलाच तांबडा दिवा लागतो. तीन वर्षांतील घट तशीच पुढे मोजून उरलेले आयुष्य काढता येईल का?

उत्तर १:
सरळ रेषेत मोजू नका. लिथियम-आयन बॅटरीत ग्रॅफाइटच्या ऋणाग्रावर (बॅटरीच्या आतील ऋण बाजूच्या पट्टीवर) एक पातळ थर साचत जातो आणि वापरायोग्य लिथियम त्यात अडकून पडते. हा थर सुरुवातीला भराभर व नंतर हळूहळू वाढतो, त्यामुळे काही काळ घट मंदावल्यासारखी वाटते. पुढे मात्र, विशेषतः ऋणाग्रावर धातुरूप लिथियम जमू लागल्यास, क्षमतेचा आलेख एकाएकी खाली वाकतो. अभ्यासक या वळणाला ‘गुडघा’ म्हणतात, आणि खरी फसगत होते ती इथेच.

उत्तर २:
2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 124 सेलच्या पहिल्या 100 चार्ज-डिस्चार्ज चक्रांतील व्होल्टेजचे वक्र तपासून त्यांचे आयुष्य सुमारे 9 टक्के चुकीच्या मर्यादेत वर्तवले गेले, तेही क्षमतेत लक्षणीय घट दिसण्याआधी. अर्थात ती प्रयोगशाळा होती. तिथे एप्रिलमधले ऊन नसते. आपली गाडी पूर्ण चार्ज होऊन पत्र्याच्या शेडखाली उभी राहते का?

प्रश्नकर्ता:
होय, रोज दुपारी. आजपासून जागा बदलतो, आणि 20 ते 100 टक्के चार्जिंगला किती युनिट लागतात, हे दरमहा मीटरवर पाहून लिहून ठेवतो.