व्हॉइस बदलून इंग्रजी पत्र लिहिता येतं का?

खडूफळा
मराठी माध्यमात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू होतं. दहावीपर्यंत मूल अर्थ तोच ठेवून वाक्याचं रूप बदलत राहतं: 'टू' काढतं, 'नो सूनर' घालतं, व्हॉइस (कर्तरी-कर्मणी) बदलतं, आणि बँकेला चार ओळी लिहायच्या म्हटलं की अडतं. माझं मत स्पष्ट आहे: आठवीपासून ही रूपांतरं बंद करा, तो वेळ लेखनाला द्या. लेखन-शिक्षणाचे अभ्यासक ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९६३ सालीच सांगितलं होतं की सुट्या व्याकरणाने लेखन सुधारत नाही, उलट लेखनाचा वेळ जातो. २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरचे प्रयोग तपासले. त्यातही निव्वळ व्याकरणाचा परिणाम उणे निघाला आणि छोटी वाक्यं जोडायच्या सरावाचा चांगला अधिक.

शुद्धलेखन
हे निष्कर्ष मुख्यतः इंग्रजी वातावरणात वाढलेल्या मुलांचे आहेत. त्यांच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडतं, आपल्या मुलांच्या वाट्याला एक तास येतो. शिवाय आपल्या चुका मराठीतून येतात. 'मी काल अर्ज दिला आहे' मराठीत चालतं, म्हणून मूल 'आय हॅव गिव्हन द ॲप्लिकेशन येस्टरडे' लिहितं. 'कागदपत्रं कधी मिळतील ते कळवा' याचं 'प्लीज टेल मी व्हेन विल आय गेट द डॉक्युमेंट्स' होतं. नुसतं लिहीत राहिलं तर हीच चूक पक्की होईल. नियमच सांगावा लागतो: येस्टरडे, लास्ट वीक असा संपलेला काळ आला की 'हॅव' नको, प्रश्न मोठ्या वाक्यात बसला की आधी कर्ता, मग क्रियापद. आणि हा दुसरा नियम तुम्ही काढायला निघालेल्या इनडायरेक्ट स्पीचमध्येच (दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगण्यातच) आहे!

खडूफळा
धड्यात आहे, पण पत्रात उतरत नाही. परीक्षेत 'ही सेड टू मी' आयतं मिळतं, काय बदलायचं तेही सांगितलेलं असतं. पत्रात यातलं काहीच नसतं. हाच नियम चौकशीचं पत्र लिहून घेताना शिकवला तर माझी हरकत नाही.

मुद्रितशोधक
व्हॉइसचं उदाहरण घ्या. 'अ मँगो इज ईटन बाय हिम' असं कोणी लिहीत नाही. पण वीजबिलाच्या तक्रारीत 'द मीटर वॉज चेंज्ड ऑन १२ जून. द जुलै बिल शोज द ओल्ड मीटर नंबर.' हे अगदी चोख आहे. मीटर कोणी बदलला याच्याशी काम नाही, म्हणून तिथे पॅसिव्ह (कर्मणी). 'बाय' गाळायचं कधी, हे कोणी शिकवत नाही. मग मुलं पुढे 'इट इज इन्फॉर्म्ड बाय मी' लिहितात.
स्वल्पविरामाचंही तसंच. 'द बिल इज राँग, प्लीज करेक्ट इट' यात दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली आहेत. इंग्रजीत तिथे पूर्णविराम हवा किंवा 'सो'. आणि ग्राहक क्रमांकच राहिला असेल तर निर्दोष व्याकरणाचाही उपयोग नाही.

शुद्धलेखन
मान्य. तरी परदेशी जाणाऱ्यांच्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाचे २५ टक्के गुण व्याकरणाचेच आहेत.

खडूफळा
आणि उरलेले ७५ टक्के मुद्द्याला धरून लिहिणं, मांडणी आणि शब्दसंपदा यांचे. शाळेत ते कोण शिकवतंय?

वहीतपासणी
वर्गात साठ मुलं असताना रूपांतरं का टिकली हेही बघा. उत्तर एकच असतं, तपासणी झटपट होते. निबंधाच्या साठ वह्या रोज तपासणं अशक्य आहे.
तरी मार्ग आहे. फळ्यावर पाच छोटी वाक्यं द्यायची, त्यांची दोन करायला सांगायची, तीन-चार मुलांची उत्तरं शेजारी शेजारी लिहून कुठलं का बरं वाचतं ते बोलायचं. वह्या रोज पंधराच घ्यायच्या. प्रत्येक वेळी दोनच प्रकारच्या चुका बघायच्या, समजा काळ आणि पूर्णविराम. चूक दुरुस्त करून द्यायची नाही, ओळीसमोर समासात नुसती खूण करायची. शोधायची मुलाने, आणि तोच परिच्छेद पुन्हा लिहायचा. वही लाल करून दिली तर मूल गुण बघतं आणि वही मिटतं.

शुद्धलेखन
ही पद्धत चांगली आहे, पण 'काळ' म्हणून खूण केली तर काळ म्हणजे काय हे मुलाला आधी ठाऊक हवं. म्हणून पाचवी ते सातवी क्रियापदांची रूपं आणि आर्टिकल ('अ', 'ॲन', 'द') घोटून घ्यायलाच हवीत.

खडूफळा
क्रियापदांची रूपं हवीतच. आर्टिकलसाठी मात्र इतके तास नकोत. 'द' राहिला तरी बहुतेक वेळा अर्थ कळतो.

शुद्धलेखन
बहुतेक वेळा, नेहमी नाही. 'फ्यू पेशंट्स रिकव्हर्ड' म्हणजे जवळपास कोणी बरं झालं नाही, आणि 'अ फ्यू पेशंट्स रिकव्हर्ड' म्हणजे काही जण बरे झाले. दवाखान्याच्या अहवालात हा 'अ' गाळून चालेल का?

खडूफळा
नाही चालणार. मग तो अहवालाच्या ओळीतच शिकवा, रिकाम्या जागांच्या यादीत नको.