टायमिंग बेल्ट तुटला की थेट हेडच उतरवायचे का?

तेलकट हात
काल एका सदस्याने सल्ला दिला की, टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांचा मेळ राखणारा दातेरी पट्टा) तुटला असेल तर पिस्टनचा मार बसून व्हॉल्व्ह वाकलेले असणारच, तेव्हा तपासणीत वेळ न घालवता थेट हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवावे. हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. काही इंजिनांत पिस्टन वरच्या टोकाला असताना पूर्ण उघडलेला व्हॉल्व्हही त्याला लागत नाही. तेथे नवा बेल्ट चढवला की इंजिन पूर्वीसारखे चालते. जेथे लागतो, तेथेही कोणत्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गेला हे हेड न उतरवता कळू शकते. क्रँक (पिस्टनांना जोडलेला फिरता दांडा) पान्याने हळूहळू फिरवून टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असण्याच्या स्थितीच्या, 90 अंश आधी आणावा. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात तेव्हा चारही पिस्टन मध्यावर असतात आणि कॅम मोकळेपणाने फिरवता येतो. मग क्रँक अडकवून ठेवावा, एकेका सिलिंडरचे सगळे व्हॉल्व्ह मिटतील अशा बेताने कॅम फिरवावा आणि प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडावी. थ्रॉटलपाशी फुसफुस ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह गळतो आहे, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, तेलाच्या झाकणातून आली तर पिस्टनच्या रिंगा, आणि कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (हेडखालचे पॅकिंग). एवढे ठाऊक असताना गाडीमालकाला अंदाजाने खर्चात पाडणे मला मान्य नाही.

सतराचा पाना
हे सगळे वाचायला छान वाटते. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो, त्यात चालत्या गाडीचा बेल्ट तुटून सगळे व्हॉल्व्ह सुखरूप राहिल्याचे मी तरी पाहिलेले नाही. दुसरे असे की, हवा गळली नाही म्हणजे व्हॉल्व्ह सरळ आहे, असे कोणी सांगितले? माझ्या एका सहकाऱ्याने हवा सोडून पाहिली, गळती नाही म्हणून नवा बेल्ट चढवला आणि गाडी देऊन टाकली. मार खाल्लेल्या एका व्हॉल्व्हचे डोके पुढे तुटले, त्याने पिस्टनही फोडला आणि तेच गिऱ्हाईक संतापून दारात उभे राहिले. त्याला तुम्ही काय उत्तर दिले असते?

फीलर गेज
दोघांच्याही बोलण्यात टॅपेटचा (कॅमचा दाब व्हॉल्व्हला देणाऱ्या भागाचा) गॅप आलाच नाही, याचे आश्चर्य वाटते. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारे, टॅपेट नसलेल्या इंजिनात वाकलेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, त्याची दांडी खाली लोंबते आणि कॅम व टॅपेट यांमधला गॅप वाढतो. व्हॉल्व्ह कव्हर काढून गेजची पाती सरकवली की शेजारच्या व्हॉल्व्हशी असलेला फरक हाताला जाणवतो.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना हवेवर पडणारा दाब) सारखेच कमी आले, तर आधी टायमिंगवर संशय घ्यावा. माझ्या भावाच्या गाडीचा बेल्ट बदलल्यानंतर इंजिन मिसिंग करू लागले, पी0016 हा क्रँक व कॅम यांचा मेळ चुकल्याचा कोड आला आणि कॉम्प्रेशन सर्वत्र सारखेच खाली गेले होते. तरीही व्हॉल्व्ह वाकल्याचे सांगून हेड उतरवले गेले आणि सगळे व्हॉल्व्ह सरळ निघाले. कॅम एका दाताने मागे पडला होता. कॅमच्या पुलीला 40 दाते असतील तर एक दात म्हणजे कॅमचे 9 आणि क्रँकचे 18 अंश होतात. हा सगळा प्रताप जुन्या बेल्टवर पांढऱ्या खुणा करून त्या नव्यावर उतरवण्याच्या पद्धतीचा आहे आणि ती बंद झाली पाहिजे.

सतराचा पाना
खुणांना नावे ठेवण्याआधी जरा विचार करावा. दोन्ही बेल्टांवर खुणांमधले दाते मोजून पाहिले तर चूक होत नाही. कॅम व क्रँक जागेवर अडकवून ठेवणारी लॉकिंगची हत्यारे प्रत्येक इंजिनासाठी वेगळी असतात आणि ती सगळ्यांकडे असतील, ही अपेक्षा धरणाऱ्याने कधी स्वतःचे हात काळे केलेले दिसत नाहीत.

फीलर गेज
माझ्या हातांची चौकशी नको, मुद्द्यावर बोला. जुना बेल्टच एक दात सरकलेला असेल तर तुमच्या खुणा तीच चूक नव्या बेल्टवर इमानाने उतरवतात. काही इंजिनांत क्रँकच्या पुलीला चावीच (पुली दांड्यावर सरकू न देणारी खिट्टी) नसते, ती केवळ बोल्टच्या आवळण्यावर धरलेली असते. तो बोल्ट सैल झाला की बेल्टवरची खूण निरुपयोगी ठरते. शिवाय क्रँकचे दोन फेरे झाल्यावर बेल्टवरच्या खुणा जागेवर परत येत नाहीत, इंजिनाच्या अंगावरच्या आणि पुल्यांवरच्याच येतात, त्यामुळे पडताळायचे असेल तर त्यांच्याकडेच पाहावे लागते.

सावध चालक
मी केवळ गाडी चालवणारा आहे, पण हे वाचून राग येतो आहे. रस्त्यात इंजिन एकाएकी बंद पडले तेव्हा मदतीला आलेल्या प्रत्येकाने पुन्हा पुन्हा सेल्फ मारून पाहिला. एरवी सेल्फ मारताना जो धापा टाकल्यासारखा ठेका ऐकू येतो, तो नव्हता. इंजिन एकसारखे भर्रकन फिरत होते. त्याचा अर्थ त्यांच्यापैकी एकाने तरी ओळखायला हवा होता.

तेलकट हात
तो ठेका कॉम्प्रेशनचा असतो, आणि तो नसेल तर सेल्फला हात लावू नये. आधीच्या आघातातून वाचलेला व्हॉल्व्ह त्या फिरवण्यातही वाकू शकतो. सतराचा पाना यांची तुटलेल्या व्हॉल्व्हची गोष्ट मी नाकारत नाही. हवेच्या चाचणीने व्हॉल्व्ह गळतो हे सिद्ध होते, तो निर्दोष आहे हे होत नाही, इतके मान्य. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी खूण दिसली, तर गळती नसली तरी मीही हेड उतरवीन.

सतराचा पाना
मग शेवटी माझेच म्हणणे आले. तरी गॅपचे बोलणे मला पटले. कव्हर काढायला फारसा वेळ जात नाही, तेव्हा हेड उतरवण्याआधी ते पाहीन. खुणा मात्र करणारच.

फीलर गेज
करा, पण बेल्ट चढवल्यावर क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवल्याशिवाय आणि पुल्यांच्या खुणा पुन्हा जुळल्याचे पाहिल्याशिवाय सेल्फ मारू नका. मध्ये कोठे पाना अडला तर जोर लावू नका. तेथेच थांबून टायमिंग पुन्हा पाहा.