पिकअप पुढून बसली आहे, पुढच्या स्प्रिंगा कोणत्या टाकू? (मदत हवी आहे, आज संध्याकाळपर्यंत)

अनेरकाठ – सकाळी ९.४०

नमस्कार. गाडी गॅरेजला जॅकवर आहे, पुढची दोन्ही चाकं काढून ठेवलीत आणि मिस्तरी माझ्या उत्तरासाठी थांबलाय. गाडी पुढून फार बसली आहे, मागून उंच दिसते. लेव्हलला आणायची आहे. दुकानदाराने स्प्रिंगांच्या दोन जोड्या दाखवल्या, दोन्ही कंपनीच्याच म्हणतो. एकीवर पिवळे ठिपके आहेत, दुसरीवर निळे. निळी महाग आहे आणि 'हेवी' आहे असं त्याचं म्हणणं. बाहेरचं लिफ्ट किट मला नको, कंपनीचाच माल टाकायचा आहे. निळी टाकली तर गाडी किती उचलेल? कोणी टाकली असेल त्याने आकडा सांगा. परवा केळीचा माल कापायचा आहे, गाडी उद्या हवीच.

गिरणाथडी – ९.५२

भाऊ, तुम्हीन गाडी कोनती शे तेच सांगं नही. खाली गाडी मोजी का भरेल? आमना गावमा बठ्ठ्या पिकअप खाली असताना मागून उंचच ऱ्हातस.

मिरचीपथारी – ९.५८

स्प्रिंगच्या भानगडीत पडू नका. मी नंदुरबारला मिरचीच्या गाड्या लावतो, तीन गाड्यांना स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर बसवलेत. एका तासाचं काम, काही उघडावं लागत नाही, गाडी लगेच उचलते. दोन वर्षं झाली, एकही बफर निघालेला नाही.

अनेरकाठ – १०.०५

इसुझू डी-मॅक्स आहे, सिंगल केबिन, टू व्हील ड्राइव्ह. पुढे कॉइल (वेटोळ्यांची स्प्रिंग), मागे पाटे (एकावर एक बसवलेल्या लोखंडी पट्ट्या). सेकंडहँड घेतली, सहा महिने झाले. निळी स्प्रिंग फोर-बाय-फोरवाल्या व्ही-क्रॉसची आहे असं दुकानदार म्हणतो. मिरचीपथारी, बफर नको आहेत, आधीच लिहिलंय कंपनीचा माल हवा म्हणून. पिवळी की निळी, एवढंच सांगा कोणीतरी.

लळिंगखिंड – १०.३१

मी एसटीच्या धुळे विभागीय कार्यशाळेतून फिटर म्हणून निवृत्त झालो. आयुष्य पाट्यांत गेलं, कॉइलचं कामही पुष्कळ केलं. दादा, ठिपक्याच्या रंगावरून कोणीही तुम्हाला सेंटिमीटर सांगणार नाही. तो रंग कारखान्याची खूण असते. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा असतात, काही गाड्यांना तर ड्रायव्हरच्या बाजूची वेगळी आणि क्लीनरच्या बाजूची वेगळी असते. डब्यावरचा पार्ट नंबर बघा, तो तुमच्या चॅसी नंबरवर टाकून कंपनीच्या पार्ट काउंटरला विचारा.

जोड्या शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर तीन मापं घ्या: तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि चालती वेटोळी (भाराखाली दबणारी) किती. सगळ्यात जास्त फरक जाडीने पडतो, कारण स्प्रिंगचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. समजा एक तार १४ मिमी आहे आणि दुसरी १५, बाकी सगळं सारखं. डोळ्याला फरक दिसणारही नाही, पण दुसरी सुमारे ३२ टक्के कडक भरते. नुसती लांबी मोजून फसू नका. लांब आणि नरम स्प्रिंग वजनाखाली आखूड आणि कडक स्प्रिंगपेक्षा खाली बसू शकते. व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडून मागून आणा.

पुणेरी_भुसावळकर – १०.४४

टायरमध्ये हवा किती आहे? पुढे कमी असेल तर गाडी पुढून बसलेली दिसते. नायट्रोजन भरून बघा.

लळिंगखिंड – १०.५०

हवेने उंची बदलते हे खरं, म्हणूनच उंची जमिनीपासून मोजत नाहीत. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायची, म्हणजे टायरची साईज आणि हवा दोन्ही हिशेबातून जातात. अनेरकाठ, तुमचे चार चाकांचे आकडे टाका. गाडी जॅकवरून उतरवल्यावर आधी दहा-पंधरा फूट पुढे-मागे चालवा, मग मोजा. नाहीतर आर्म (चाकाला चॅसीशी जोडणारे दांडे) ताणलेले राहतात आणि आकडा खोटा येतो.

मिरचीपथारी – ११.०२

काका, बफरचा इतका राग कशाला? माझ्या गाड्या चालल्यात ना.

लळिंगखिंड – ११.१०

राग नाही. बफर ज्या वेटोळ्यांत बसतो ती वेटोळी काम करायची थांबतात, म्हणजे चालती वेटोळी कमी झाली आणि उरलेल्यांवर ताण वाढला. शेताच्या वाटेवर, रिकाम्या गाडीत, तो दणका थेट शॉकअप आणि बॉल जॉइंटवर जातो. तुमच्या गाड्या डांबरी रस्त्यावर भरून चालतात, म्हणून तुम्हाला जाणवत नाही.

अनेरकाठ – ११.२५

चाकं खाली टेकवून मोजलं. गाडी रिकामी. पुढे दोन्हीकडे ४७ सेंमी, मागे दोन्हीकडे ५८. अकरा सेंटिमीटरचा फरक आहे! मला पुढून किमान पाच सेंमी उचलायची आहे. डब्यावर नंबर नाही, स्टिकर फाटलेलं आहे, दोन्ही जोड्यांचं तेच. आता सांगा.

रस्ता_बावन्न – ११.३८

उंचीत असा बदल करणं कायद्यात बसतं का हे आधी बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. एमएच १९ असो की १८, पासिंगला कोणी अडवलं तर दुकानदार येणार नाही तुमच्यासोबत.

मिरचीपथारी – ११.४५

अहो, स्प्रिंगचा ठिपका बघायला कोणता अधिकारी वाकतो? खरी कारवाई ओव्हरलोडची होते.

रस्ता_बावन्न – ११.५१

ती तर आहेच. कलम १९४, वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पण अपघात झाल्यावर विम्याचा सर्व्हेअर वाकून बघतोच, आणि मी त्याच वेळेबद्दल बोलतोय.

केळीबाग_सावदा – ११.५८

चोपड्याकडे आज काय भाव चाललाय? आणि माल सुटे घड भरून नेता की फण्या कापून बॉक्समध्ये? पिकअपमध्ये सुटे घड नेले तर खालचा थर काळा पडतो, केळीच्या पानांची गादी जाड करा. आमच्याकडे रावेर-सावद्याचा बराच माल रेल्वेने दिल्लीला जातो, पण शेतातून स्टेशनपर्यंतच्या वाटेतच माल दबतो.

अनेरकाठ – १२.०६

भो, भावाचं नंतर बोलू. मिस्तरी जेवायला गेलाय, दोनला परत येईल.

सातपुडा_पायथा – १२.२०

एक विचारू का? लेव्हल कशासाठी करायची आहे? दिसण्यासाठी की काही घासतंय? आणि हे रिकाम्या गाडीचे आकडे झाले, भरल्यावरचे किती आहेत? माझीही पिकअप आहे. पाल-यावल भागात शेत असल्याने ती रोज नाल्यातून जाते. मालगाडी रिकामी असताना मागून उंचच असते, माल पडला की मागचा भाग बसतो आणि गाडी सपाट होते. आता पुढून पाच सेंमी उचललीत तर परवा भरलेल्या गाडीचं तोंड आभाळाकडे जाईल. स्टिअरिंग हलकं होईल, आणि रात्री अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर तुमचा हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जाईल.

अनेरकाठ – १२.३५

घासतंयच. शेताच्या वाटेवर नाला आहे, उतरताना पुढचा गार्ड दगडावर आपटतो. दोनदा वाकला, दोनदा सरळ करून घेतला. भरलेल्या गाडीचं कधी मोजलं नाही.

सातपुडा_पायथा – १२.३८

गार्ड? कोणता गार्ड? आधी का नाही सांगितलं?

अनेरकाठ – १२.४१

लोखंडी, जाड पाइपचा. आधीच्या मालकाने बसवलेला आहे. सगळ्यांच्याच गाड्यांना असतो, त्यात सांगण्यासारखं काय?

रस्ता_बावन्न – १२.४९

सांगण्यासारखं हे की डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं, त्याच कलम ५२ खाली. पायी चालणारा मध्ये आला तर तो पाइप त्याचे पाय मोडतो. टक्कर झाली तर धक्का बंपरमध्ये न जिरता सरळ चॅसीत जातो.

लळिंगखिंड – १.०५

आता गाठ सुटायला लागली. गार्डचं वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं, म्हणून स्प्रिंगवर ते गार्डपेक्षा जास्त पडतं. आणि आपटतो तो गार्डच, गाडी नव्हे. स्प्रिंगा घेण्याआधी तो काढा.

दुसरं, मागे ५८ मला जास्त वाटतात. खाली वाकून पाटे मोजा. बघा, एखादा पाटा रंगाने वेगळा आहे का, म्हणजे बाकीच्यांना मूळ रंग आणि त्याला गंज किंवा नवा काळा रंग, आणि यू बोल्टचे (पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे) आटे नटच्या बाहेर किती आलेत. आधीच्या मालकाने ओव्हरलोडसाठी जास्तीचा पाटा घातलेला असणार. पूर्ण लांबीचा पाटा घातला की गाडी रिकामी असतानाही उचलते. कंपनी सगळ्यात खाली आखूड, जाड, सपाट पाटा देते तो वेगळा, तो भार पडल्यावरच टेकतो.

पुणेरी_भुसावळकर – १.१२

मायलेज किती देते ही गाडी? घ्यायचा विचार करतोय.

अनेरकाठ – २.२०

काका, तुमचं बरोबर निघालं. मेन पाट्याखाली एक पाटा वेगळा आहे, नुसता काळा रंग मारलेला. मला सहा महिने दिसला नाही. पण तो काढला तर माल भरल्यावर गाडी मागून बसणार नाही का? जास्तीचा पाटा असलेला बराच की.

मिरचीपथारी – २.२८

राहू द्या तो. आमच्याकडे सगळ्यांना एक पाटा जास्त असतो. भर रस्त्यात पाटा तुटल्यावर कळते त्याची किंमत.

लळिंगखिंड – २.५०

मिरचीपथारी, इथे मी तुमचं ऐकणार नाही. अनेकदा पिकअपच्या मागच्या ब्रेकला भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. चॅसीवर व्हॉल्व्ह आणि त्याची दांडी मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली. गाडी मागून बसली की दांडी सरकते आणि मागच्या चाकांना ब्रेकचं प्रेशर जास्त मिळतं. जास्तीच्या पाट्याने गाडी भरूनही उंच राहिली तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. एक टन केळी घेऊन लळिंगचा उतार उतरताना पुढच्या डिस्कवर सगळा भार येतो. जळालेले पॅड मी हातात धरून पाहिलेत. अनेरकाठ, मिस्तरीला मागे अशी दांडी आहे का बघायला सांगा. असेल तर पाटा काढल्यावर तिचं माप कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे लावून घ्या.

पाटा काढाल तर यू बोल्ट नवे टाका, जुने ताणलेले असतात. सेंटर बोल्टही नव्या मापाचा लागेल.

आता पुढचं. मिस्तरीला विचारा, जुन्या स्प्रिंगा तुटलेल्या आहेत का, त्यांची मोकळी लांबी पिवळीच्या तुलनेत किती भरते. आणि स्प्रिंग काढायची असेल तर स्प्रिंग दाबायच्या हुकवाल्या दोन बोल्टच्या कॉम्प्रेसरवर भरवसा ठेवू नका. हुक सटकला तर दाबलेली स्प्रिंग माणूस मारते. शॉकअपसकट बाहेर काढून प्रेसवरच उघडू द्या.

सातपुडा_पायथा – ३.०४

यात एक भर. स्प्रिंगवर पातळ स्पेसर (चकती) टाकून उचलायचा सल्ला कोणी दिला तर हिशेब लक्षात ठेवा. या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग लोअर आर्मवर चाकापासून आत बसते, त्यामुळे दहा मिमीचा स्पेसर टाकला की चाकापाशी गाडी पंधरा ते वीस मिमी उचलते. माझ्या गाडीला मिस्तरीने अंदाजाने जाड स्पेसर टाकला, बॉल जॉइंट टोकाच्या कोनात गेला आणि टायर आतून इतके खाल्ले की दोन महिन्यांत तार दिसली. आर्म एकदा सुटले की त्यांच्या रबरी बुशचे बोल्ट चाकं लटकत असताना आवळू देऊ नका. गाडी खाली उतरवून, तिच्या उंचीवर आवळायचे. नाहीतर बुश पिळलेले राहतात आणि फाटतात. मग अलाइनमेंट.

अनेरकाठ – ५.४५

मिस्तरीने डाव्या बाजूची स्प्रिंग प्रेसवर उघडली. तुटलेली नाही. मोकळी लांबी नव्या पिवळीपेक्षा चार मिमी कमी भरली. लेथवाल्याचा व्हर्निअर आणला, पिवळी आणि माझी जुनी तारेला सारखी आहेत, निळी जाड आहे. दोन्ही जोड्या दुकानदाराला परत दिल्या. गार्ड काढला, भंगारवाल्याच्या काट्यावर ४८ किलो भरला.

लळिंगखिंड – ५.५८

चार मिमीने चाकापाशी फार तर पाऊण सेंटिमीटर फरक पडतो. जुन्याच बसवा. पुढे कधी बदललीत तर दोन्ही बाजू एकदम आणि पार्ट नंबरवरच.

अनेरकाठ – रात्री ८.३०

पुढच्या जुन्याच स्प्रिंगा बसवल्या, बुशचे बोल्ट गाडी उतरवून आवळले. मागचा जास्तीचा पाटा काढला, चार नवे यू बोल्ट टाकले. व्हॉल्व्हची दांडी आहे, पण वाकवून तारेने बांधून ठेवलेली होती, तीही सोडवून मापावर लावली. गाडी रिकामी: पुढे ४८, मागे ५४. अलाइनमेंट उद्या सकाळी चोपड्याला. काका, ती तार बघून मला घाम फुटला. सहा महिने मी याच गाडीत पोरांना शाळेत सोडतोय.

लळिंगखिंड – रात्री ८.४६

दांडी बांधणाऱ्याला मी माफ करू शकत नाही. भार घेऊन पहिल्यांदा निघाल्यावर रिकाम्या रस्त्यावर ब्रेक तपासा. आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर यू बोल्टचे नट पुन्हा आवळून घ्या, नवे पाटे-बोल्ट बसतात तसे ढिले पडतात.

केळीबाग_सावदा – रात्री ९.१०

आणि पानांची गादी विसरू नका.

अनेरकाठ – तिसऱ्या दिवशी, दुपारी १.१५

माल गेला. भरलेली गाडी मोजली, एक टनाच्या आत भरली होती: पुढे ४७.५, मागे ४९. नाल्यातून भरूनही गेलो आणि रिकामीही आलो, काही घासलं नाही. ब्रेक आधीपेक्षा कमी दाबावर लागतो. यू बोल्ट आज संध्याकाळी आवळतो.

गिरणाथडी – १.३०

चांगलं व्हयनं भाऊ. मन्ही गाडीना पाटा बी आज मोजस.