अनुभव धागा: आपल्या घरातला शिपाई

धागाकर्ता (सातारा तालुका)

सातारा-सांगलीकडच्या कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. 1914 ते 1919 च्या महायुद्धाला या गावातून इतके लोक गेले, त्यांतले इतके कामी आले. नाव एकाचंही नाही. अपशिंगे मिलिटरी तरी सगळ्यांना माहीत आहे, त्या एका गावची 46 माणसं पहिल्या महायुद्धात कामी आली. पण त्या 46 जणांत तालमीत जाणारा कोण होता, भजनाचा नाद कुणाला होता, सुपारी फुटलेली असताना बोटीत कोण चढला?

शौर्यपदकांच्या याद्या इतरत्र मिळतात. तुमच्या घरातला, भावकीतला साधा शिपाई माणूस म्हणून कसा होता आणि तो गेल्यावर घराचं काय झालं, ते इथं लिहा. नाव द्यायचं नसेल तर नातं आणि तालुका पुरे.

येरळाकाठ (खटाव)

आमच्या पणजोबांचे थोरले भाऊ 117 व्या मराठा पलटणीत होते. घरात त्यांचा फोटो नाही. आहे ती बशीएवढी कांस्याची जड तबकडी. तिच्यावर एक उभी बाई, पायाशी सिंह आणि बाजूच्या चौकटीत उठावाच्या अक्षरांत त्यांचं नाव. हुद्दा नाही. जनरल असो की शिपाई, मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ही तबकडी बिनहुद्द्याचीच गेली. दर खंडेनवमीला आजी ती विळा-कोयत्याशेजारी पाटावर मांडायची. सिंहाच्या आयाळीत कुंकू इतकं बसलंय की आता निघत नाही.

ते इराकमधल्या कुतच्या वेढ्यात होते, तुर्कांनी घातलेल्या. डिसेंबर 1915 ला वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 ला फौज शरण गेली. तोवर पीठ संपत आलेलं, घोडे कापून खायची वेळ आलेली. आपल्याकडच्या बऱ्याच शिपायांनी ते मांस आधी तोंडाला लावलं नाही, आणि भाजी नसल्यामुळं हिरड्या सुजून माणसं अंथरुणाला खिळली. पुढं कैद्यांना उन्हातून पायी हाकत नेलं. आमचे हे थोरले पणजोबा त्या कैदेतून परतले नाहीत.

मला एका गोष्टीचा राग येतो, तो लपवत नाही. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. गावात आकडा, बसऱ्यातही आकडा. नाव राहिलं ते आमच्या देव्हाऱ्यात.

वारणेची लेक (वाळवा)

माझे वडील जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठात होते. 1971 च्या डिसेंबरात ही पलटण पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागं जाऊन बसली आणि शत्रूचा परतीचा रस्ता अडवला. 10 तारखेच्या रात्री आतली फौज वाट फोडून निघाली. वडील त्या रात्री गेले.

16 तारखेला शरणागती झाली. रेडिओवर ऐकून गावात साखर वाटली, आमच्या आईनंही वाटली. तार त्यानंतर आली. आणि तारेच्याही मागून त्यांचं आंतरदेशीय आलं, लढाईच्या आधी टाकलेलं. त्यात भुईमुगाला पाणी द्यायचं, पाडी विकायची नाही आणि मला शाळेत घालायचं, एवढंच. मला अजून पाठ आहे.

आई म्हणाली, "मढं बघितल्याबिगर कुंकू पुसायची न्हाई." चुलत्यांनी, भावकीनं खूप समजावलं, ती ऐकेना. पलटणीतून काळी ट्रंक आली, तीत गणवेश, दाढीचं सामान आणि माझ्यासाठी घेतलेलं परकराचं कापड होतं, तरी ऐकेना. शेवटी कऱ्हाडकडचे एक नाईक सुट्टीवर आले, सोप्यात बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. कुठं लागलं, कुणी उचललं, अग्नी कुणी दिला. आईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग आत गेली.

पेन्शनीचा त्रास निराळाच. माहेरचं नाव एक, लग्नातलं दुसरं. एका कागदावर हे, दुसऱ्यावर ते. ही बाई तीच, हे सिद्ध करायला तिला किती उंबरे झिजवावे लागले! तरुण विधवेच्या पैशावर घरातल्यांचाही डोळा असतो, हेही लिहून ठेवते.

निवृत्त सुभेदार (कोरेगाव)

ताई, तुमच्या आईचं बरोबर होतं. त्या काळी लढाईतल्या जवानाला बहुधा तिकडंच अग्नी द्यायचे. पार्थिव गावी आणायची पद्धत 1999 च्या कारगिलपासून पक्की झाली. त्याआधीच्या बायकांनी कशावर विश्वास ठेवायचा?

सोबती गेला की त्याच्या सामानाची यादी करायला आम्हालाच बसवायचे. गोळीबारात हात थरथरला नाही, पण दुसऱ्याच्या ट्रंकेतल्या राख्या मोजताना थरथरला. सुट्टीवर आलो की पहिल्यांदा त्याच्या घरी जायचं, मग आपल्या. मी अशा ज्या ज्या घरी गेलो, तिथं आईनं कसा लढला हे आधी विचारलं नाही. "जेवला हुता का?" हाच पहिला प्रश्न. खरं उत्तर नेहमी देता यायचं नाही. चढाईच्या आधी पुरी-भाजीचं पुडकं दिलेलं असतं, निम्मे जण ते खिशातच ठेवतात.

माणदेशी (आटपाडी)

मी भरतीची तयारी करतोय. आजोबांचा भाऊ 1965 ला गेला, तरी आजोबाच मला पहाटे उठवतात. आमच्याकडं पाऊस नाही, जमीन माळाची. देशप्रेम आहेच, पण चूल हेही कारण आहे आणि ते सांगण्यात कमीपणा वाटत नाही.

द्राक्षबाग (तासगाव)

आजीचा भाऊ इटलीत गेला, 1943 च्या हिवाळ्यात, सांग्रो नदीपाशी. शोधणाऱ्यांसाठी लिहितो. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या (CWGC) संकेतस्थळावर नावानं शोधता येतं. पण तासगाव, वाळवा, खानापूरवाल्यांनी जिल्हा 'सातारा' धरावा. दक्षिण सातारा 1949 ला वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं. मी सांगली टाकून शोधत राहिलो असतो तर काहीच हाती लागलं नसतं. आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हेनं लिहून बघा, वडिलांचं नाव ताडून घ्या.

सांग्रोच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या हिंदी सैनिकांचं वेगळं स्मारक आहे, आणि तिथं नावं आहेत. मामाआजोबांचंही आहे. नोंदीत त्यांची बायको म्हणून जिचं नाव लागलंय, तिची पुढची हकीकत आमच्याकडं कुणी जपली नाही. ती माहेरी, खानापूरकडं परत गेली. त्या भागात कुणाच्या घरी अशी आजी होती का? कृपया कळवा.