शब्दचर्चा : कॉर्सेटला काचोळी म्हणावं का?

मी ब्रिस्टलला राहते. दर सप्टेंबरात शेजारच्या बाथ शहरात इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या नावाचा महोत्सव भरतो. शेकडो माणसं १८१०च्या आसपासचे कपडे घालून भर रस्त्यातून मिरवत जातात. यंदा मीही गेले. पोशाखाच्या आतला कॉर्सेट, म्हणजे धडाला ताठ धरणारा, नाडीनं बांधायचा कपडा, सांगलीच्या मावशीनं शिवून पाठवला. ती चाळीस वर्षं ब्लाउज शिवते आहे, हात पक्का आहे. मी व्हिडिओ कॉलवर कृती सांगायची आणि पदोपदी शब्दाला अडायची. "दोन थरांच्या मधे हाडं घालायची" म्हटल्यावर तिनं मशीन थांबवलं. "कसली हाडं गं?"

तिचं बरोबर होतं. 'व्हेलबोन'ला आपण सर्रास देवमाशाचं हाड म्हणतो, पण ते हाड नव्हेच. काही देवमाशांच्या वरच्या जबड्यातून झालरीसारख्या पट्ट्या लोंबतात, पाणी गाळून बारीक जीव खाण्यासाठी. आपली नखं आणि केस ज्या द्रव्याचे, त्याच केराटिनच्या. त्या उभ्या चिरता येतात, उबेनं थोड्या मऊ होतात आणि अंगाचा आकार घेतात, म्हणून शिंप्यांना त्या हव्या असत. आता तिथे पोलादी किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. मी 'काडी' म्हटलं, छत्रीची काडी म्हणतो तसं. मावशीला लगेच कळलं.

आता मूळ शंका. कोशांत आणि अनुवादांत कॉर्सेटला चोळी, काचोळी, कंचुकी असे शब्द दिसतात. मला तिन्ही पटत नाहीत. चोळी छाती झाकते आणि तिथेच संपते, कमरेशी तिचा संबंध नाही. कॉर्सेट धड उभं धरतो, आणि पुढच्या काळात तर चार-पाच घागऱ्यांचा भार कमरेवर पसरवून पेलतो. कंचुकी म्हणावं तर संस्कृत नाटकातला अंतःपुराचा म्हातारा अधिकारी आठवतो, शाकुंतलात आहे तो. तुम्ही काय म्हणाल?

*

प्रतिसाद : मला काचोळी आवडतो, कारण त्यात 'काचणं' ऐकू येतं. नाडी काचते, कमरेला काच पडतो, सासुरवासाचा काच असतो. कॉर्सेटबद्दल आजवर जे वाचलं, ते सगळं या एका अक्षरात बसतं. आणखी एक, तो कॉर्सेट की ते कॉर्सेट?

*

प्रतिसाद : काचोळीचा काचण्याशी संबंध नाही. ती संस्कृत 'कंचुक'वरून आली. कंचुक म्हणजे अंगरखा, चिलखत, आणि सापाची कातसुद्धा. अंगाला लपेटून बसतं ते. कानाला जुळणारी व्युत्पत्ती मोहात पाडते, पण इथे ती सोडावी लागेल.

दुसरी गोष्ट सांगते. माझी आजी आतल्या सुती कपड्याला 'बॉडी' म्हणायची. "बॉडी वाळत घाल." आम्हाला वाटायचं, आजीला इंग्रजी येत नाही म्हणून असं म्हणते. ताई, तुम्ही तिकडे आहात, याचं काही मूळ सापडतं का?

*

धागाकर्ती : सापडतं, आणि आजी चुकत नव्हत्या! सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये या कपड्याला 'पेअर ऑफ बॉडीज' म्हणत, म्हणजे अंगाची जोडी, कारण दोन भाग नाडीनं जोडलेले असत. त्याच 'बॉडीज'चं पुढे 'बॉडिस' झालं. वेस्टमिन्स्टर ॲबीत पहिल्या एलिझाबेथ राणीचा, १६०३च्या अंत्ययात्रेसाठी केलेला पुतळा होता. त्याच्या अंगात असा जोड होता आणि तो आजही जपलेला आहे. 'कॉर्सेट'च्या पोटातही जुन्या फ्रेंचमधला 'कॉर्स' आहे, म्हणजे अंगच. कॉर्सेट म्हणजे लहानसं अंग.

आणि आपण? अंगी, अंगरखा, बाळाचं अंगडं. तिन्ही भाषांनी कपड्याला अंगाचंच नाव दिलं. हे लक्षात आलं तेव्हा मी मावशीला मुद्दाम फोन करून सांगितलं.

तरीही मी 'कॉर्सेट'च लिहीन. अंगी, अंगडं हे शब्द आपल्या मनात आधीच भरलेले आहेत, त्यांच्यात हा कपडा मावणार नाही. अठराव्या शतकातला इंग्रजी शब्द 'स्टेझ' आहे, पण तो कुणी 'स्टेज' लिहिला की वाचणाऱ्याला रंगमंच दिसतो, म्हणून झ जपून लिहावा. लिंगाचं म्हणाल तर मी 'तो' म्हणते, पेटीकोट, झगा यांच्या रांगेत. मावशी 'ती कॉर्सेट' म्हणते, चोळीच्या रांगेत. दोन्ही कानाला खटकत नाहीत.

*

प्रतिसाद : मी नाशिकला हौशी नाटकांची वेशभूषा करते. १८९०च्या सुमाराची एक इंग्रज बाई उभी करायची आहे. बाजारात तयार कॉर्सेट मिळतात, तेच चालतील ना? आणि किती आवळायचा?

*

धागाकर्ती : आधी 'आवळायचा' या क्रियापदाबद्दल बोलते, कारण अर्धा घोळ तिथेच होतो. करकचून बांधलं की करकोचा पडतो, हे आपण दोरीबद्दल म्हणतो. कॉर्सेट करकचायचा नसतो. शिवणाऱ्यांचा शब्द आहे 'बेतणं'. मापं घेऊन कापड बेततात, आणि जे प्रमाणात असतं ते बेताचं असतं. कॉर्सेट बेताचा हवा.

हिशेब असा. बाईंची कंबर ३० इंच असेल, तर पहिल्यांदा घालणारीनं दोन इंचांहून जास्त कमी करू नये, म्हणजे २८. पाठीवर नाडीच्या दोन कडांमध्ये साधारण दोन इंच फट ठेवायची, तेव्हा कॉर्सेटचं मिटलेलं माप २६ हवं. संग्रहालयांतले कॉर्सेट पाहून "बायकांच्या कमरा २० इंचांच्या होत्या" म्हणतात, तेव्हा ही फट विसरली जाते. फक्त कमरेवर जाऊ नका, छाती आणि नितंबांचीही मापं जुळवा. फट वरून खालपर्यंत सारखी दिसली तर माप बरोबर. वर अरुंद, खाली रुंद अशी उघडली, तर नितंबांना कपडा कमी पडतोय. आणि बसून बघाच. पुढची ताठ पट्टी मांडीत रुतली तर तो तुमच्या बाईंसाठी लांब आहे.

तयार कॉर्सेटचं म्हणाल, तर तुमच्या काळाला तो चालू शकेल, माझ्या काळाला चालला नाही. पहिल्या खेपेला मी इथल्या एका दुकानातून पोलादी काड्यांचा, कमरेत खोल गेलेला कॉर्सेट आणला होता. "सगळ्या जुन्या पोशाखांखाली चालतो" असं सांगितलं गेलं. १८१०च्या झग्याची कंबर छातीच्या लगेच खाली असते. तिथे खरी कंबर दिसतच नाही, छाती वर उचलली जाणं महत्त्वाचं. माझी कंबर बारीक झाली आणि वरचा झगा पुढून पोत्यासारखा लोंबत राहिला. परत करायला गेले तर घेतला नाही. म्हणून मावशीला साकडं घातलं.

तिनं केलेला बघायला हवा तुम्ही. दुहेरी जाड सुती कापड, मधे काड्यांऐवजी बहुतेक ठिकाणी सुती दोरी. ती म्हणाली, "हे तर दोरी घालून पायपिंग करतो तसंच." छातीसाठी दोन-दोन कळ्या, कळीदार कुडत्याला असतात तशा त्रिकोणी. शिवणीत माया भरपूर सोडली, पुढेमागे उसवता यावी म्हणून. समोर मधोमध एक लांबट खिसा, त्यात ताठ पट्टी सरकवायची. या पट्टीला 'बस्क' म्हणतात आणि त्या काळात ती बहुधा लाकडाची असे. मावशीनं बारा इंची लाकडी फूटपट्टी घेतली, कडा काचकागदानं घासून गोल केल्या आणि खिशात सरकवली. त्या पट्टीवर एका बाजूचे इंचांचे आकडे अजून वाचता येतात.

तुमच्या १८९०च्या कॉर्सेटला बस्क दोन भागांची असेल, एकीवर गुंड्या, दुसरीवर कड्या. असा बस्क १८२९च्या सुमारास पॅरिसमध्ये निघाला. नाडीच्या भोकांना धातूच्या रिंगाही १८२०च्या दशकातच आल्या. त्याआधी भोकं हातानं धाग्यानं काजासारखी गुंफत, आणि फार जोर लावला तर ती फाटत.

नटीला दोनच गोष्टी बजावा. उतरवताना आधी पाठीची नाडी सैल, मगच पुढच्या गुंड्या. उलट केलं तर कड्या वाकतात. आणि बूट आधी, कॉर्सेट नंतर, कारण एकदा तो चढला की वाकता येत नाही. आत सुती शमीज हवीच. घाम ती शोषते, धुवायचीही तीच, कॉर्सेट नुसता हवेवर टाकायचा. शमीज हा शब्द तर आपल्या घरात लहान मुलींपासून आहे, तो कशाला बदलायचा?

*

प्रतिसाद : नोंद घेतली ताई. नाडीच्या दोन टोकांना कमरेपाशी फास ठेवलेले असतात, ते ओढून आवळतात (बघा, पुन्हा तोच शब्द आला). त्या फासांना काय म्हणू?

*

धागाकर्ती : 'फास' नको, अंगाला लावायच्या वस्तूला तो शब्द नको वाटतो. मावशी 'कान' म्हणते. "दोन्ही कान धर आणि सारखे ओढ."